पक्का काळा

आज सकाळपासून सावित्री नदीवर धुकं बसलंय. पलीकडचा काठ दिसत नाही, हायवेवरच्या ट्रकचा नुसता आवाज येतो. गारठा असा की चहा कपात ओतेस्तोवर निम्मा निवतो. मी ओट्यावर बसलोय. दुसरी पाळी आहे, दुपारपर्यंत काम नाही.

काम नाही म्हणजे वाट बघायचं काम आहे. काल आमच्या बबनला शेजारच्या इंदूवहिनींची मुलगी, कविता, दाखवली. मधला माणूस मीच. वहिनी म्हणाल्या, "उद्या सकाळी सांगते." तर सकाळ झालीय, आणि त्यांचं दार अजून लोटलेलंच आहे.

तोवर किस्से सांगतो. आमच्या खोलीत ते साचतातच. नमुन्याच्या लोकरीच्या लड्या आम्ही खिळ्याला अडकवतो, एकीवर एक. खाली कुणी उतरवत नाही. किश्श्यांचंही तसंच!

खोली म्हणजे महाडच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याची. तयार झालेला रंग लोकरीवर, रेशमावर बसतो का, ते बघायचं. माणसं चार. जोग मॅडम पुण्याच्या, पुष्कळ शिकलेल्या. इस्माईलभाई महाडचेच, गल्फमध्ये बरीच वर्षं काढून आलेले. बबन पोलादपूरच्या वरचा, आंबेनळीच्या रस्त्यावरच्या वाडीतला. लग्नाचं वय टळत चाललेलं. आणि मी. मी शाळेत गेलो नाही. डब्यांवरची नावं बघत बघत अक्षरं ओळखायला लागलो, म्हणून 'ब्लॅक' आधी वाचता आलं, स्वतःचं नाव नंतर!

*

एकदा मॅडमनी आम्हाला बसवून रंग समजावला. म्हणाल्या, "या रंगाच्या मधोमध क्रोम नावाचा धातू असतो. त्याला सहा हात आहेत असं समजा. काही हातांनी त्यानं रंगाला धरलेलं असतं. बाकीचे मोकळे. लोकर, रेशीम, कातडं म्हणजे प्रोटीन. ते दिसलं की मोकळ्या हातांनी पकडतो, मग सोडत नाही."

इस्माईलभाई म्हणाले, "सहा हात! हा गल्फमध्ये पाहिजे होता मॅडम, सगळा ओव्हरटाइम एकट्यानं खाल्ला असता!"

बबन मात्र स्वतःच्या बोटांकडे बघत होता. काळी, नखांसकट. "मॅडम, माझी कातडी पण प्रोटीनच ना?"

"हो."

"म्हंजे लोकर कुठली नि बबन कुठला, ह्यो फरक त्याला कळत नाय?"

"नाही कळत."

इस्माईलभाई म्हणाले, "त्याला नाय कळत रे, पोरीच्या बापाला कळतो!"

*

खरंच तसं व्हायचं. बबन मुलगी बघायला जायचा, चहाचा कप हातात घ्यायचा, आणि घरातली सगळी त्या हाताकडे बघायची. एका ठिकाणी मुलीच्या मामानं विचारलं, "गॅरेजात असता का?"

"नाय, कंपनीत. केमिकल लाइन."

"मग ह्ये धुतल्यावर जातं ना?"

बबन खोटं बोलत नाही. म्हणाला, "जात नाय, ह्योच तर आमचा माल!"

मामानं पोह्यांची बशी उचलून घेतली.

*

थंडीत मुंबईचे एक साहेब रंग बघायला आले. आधी महाबळेश्वरला मुक्काम केलेला, आंबेनळीचा घाट उतरून खाली आले ते गळ्यात पांढरा लोकरी मफलर घालूनच. महाडात पोचल्यावर घाम फुटला, तरी मफलर काढेनात. वाकून भांड्यात बघायला गेले आणि शिंतोडे उडाले. थोडे शर्टावर, थोडे मफलरवर.

शर्ट सुती होता. नळाखाली धरला, साफ! मफलर धुतला, पुन्हा धुतला, साबणात भिजवला. ठिपके जसेच्या तसे.

साहेब तापले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, हेच तर बघायला आला होतात ना?"

*

इस्माईलभाईंनी बबनला उपाय सांगितला. "आंबट लाव रे. गल्फमध्ये आम्ही भांडी लिंबानं घासायचो, आरशासारखी व्हायची. इकडं आमसुलं काय कमी हायत?"

बबननं संध्याकाळभर गरम पाण्यात आमसुलं कुस्करली आणि त्यात हात बुडवून बसला. दुसऱ्या दिवशी खोलीत आला तो सोलकढीचा वास घेऊन. हात तेवढेच काळे.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो बबन, हा रंग आंबट पाण्यातच बसवतो आपण! गरम पाणी, वर आंबट. रोज भांड्यात काय करता मग? जायचा तो तुम्ही पक्का करून आलात!"

इस्माईलभाई पाठ फिरवून खिळ्यावरच्या लड्या मोजायला लागले.

*

या रंगाला घाई चालत नाही. पाण्यात ॲसिड आधी, मग रंग, मग आच हळूहळू वाढवायची. ॲसिड असलं म्हणजे रंग दिसेल त्याला झोंबत नाही, सगळीकडे फिरतो आणि मग सारखा बसतो. मला हे काम आवडतं. नुसतं ढवळत राहायचं.

एकदा बबनला पोलादपूरची एसटी गाठायची होती, मुलगी बघायला. त्यानं ॲसिडच्या आधी रंग ओतला आणि आच मोठी करून पळाला. सकाळी लडी बाहेर काढली तर कुठे काळी, कुठे करडी, कुठे कोरी. बांडा बोकड!

मॅडम म्हणाल्या, "एवढं करून मुलगी तरी बघितलीत ना?"

"बघितली."

"आणि तिनं?"

"ती मोबाईल बघत व्हती."

*

मग मी मनावर घेतलं. इंदूवहिनींना यजमान नाहीत, मायलेकी दोघीच. कविता घरी शिवणकाम करते. बबनला सांगितलं, "गड्या, हातमोजे घाल. कातडी झडते, नखं वाढतात. दम धर, हात आपोआप निवळतील."

हातमोजे मॅडम पहिल्यापासून देतात, ओरडतातही. पण रंगाच्या भुकटीत थोडं कोमट पाणी घालून आधी लगदा करावा लागतो, आणि बबनचं म्हणणं, "नाना, गुठळी बोटाला कळते. हातमोज्याला नाय कळत." तरी या खेपेला त्यानं ऐकलं. इतके दिवस हातमोजे काढले नाहीत. हात असे निघाले की इस्माईलभाई म्हणाले, "बबन्या, कुणाचे रे हे?"

परवा मॅडमचा नमुना गिऱ्हाइकाकडे जायचा होता. त्या रंगावर त्यांनी पुष्कळ दिवस घालवलेले. लगद्यात गुठळ्या राहिल्या, दांड्यानं फुटेनात. मॅडमचा चेहरा उतरला. बबननं एकदा माझ्याकडे बघितलं, उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात घातला.

मी ढवळत राहिलो.

नमुना चांगला निघाला.

*

काल बबन आला तो उजवा हात खिशात घालून. चहा डाव्या हातानं घ्यायला लागला तेव्हा इंदूवहिनी म्हणाल्या, "हाताला काय लागलंय का?"

त्यानं हात काढून समोर धरला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. धातू, सहा हात, गुठळी. वहिनींना त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी खोबरेल आणलं, चोळलं. साबण आणला, घासला. बबन लहान पोरासारखा हात पुढे करून बसलेला. रंग काही हलला नाही.

"नाना," वहिनी मला म्हणाल्या, "पांढरी कापडं शिवायला येतात हो हिच्याकडं."

कविता दारात उभी होती. आत गेली, पांढऱ्या सुती कापडाची चिंधी घेऊन आली. पाण्यात बुडवली, बबनची बोटं एकेक करून पुसली आणि चिंधी उजेडात धरली. कोरी!

"कापडाला लागत नाय, आये," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मशीनचा आवाज सुरू झाला.

बबन वाडीवर परतला. जाताना म्हणाला, "नाना, सकाळी फोन करा. कायपण असलं तरी करा."

*

धुकं आता जरा वर सरकलंय. वहिनींचं दार उघडलं. हातात सूप, पण तांदूळ निवडायचं लक्षण दिसत नाही. कुंपणापाशी आल्या, पदर सारखा केला. हसताहेत की नाही, कळायला मार्ग नाही.

मी उठून उभा राहिलो.

"नाना," त्या म्हणाल्या, "कविता इचारतेय, तुमच्या कंपनीत मेंदीचा रंग बनतो का?"