चौथ्या वाराआधीचा शब्द

माझ्या बायकोच्या डाव्या भुवईत बोटाच्या पेराएवढी एक जागा आहे, तिथं केस येत नाहीत. शाळेत शिकवायला जाण्याआधी ती तिथं पेन्सिल फिरवते. ती खूण माझ्यामुळं झाली. हे तिला बरेच महिने माहीत नव्हतं. मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

धाराशिवला आमच्या कॉलनीतल्या सहा बायकांनी समुद्री चाच्यांचं विनोदी नाटक बसवलं, तेव्हा त्यातल्या चौघींनी समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, चाचे म्हणजे पुरुष, मग आपण कोण? एकजण म्हणाली, "चाचाची बायको चाची. आपण समद्या चाच्या!" मग बराच वेळ कुणाला बोलता येईना, सगळ्या हसत होत्या. नाटकाचं नावही तेच पडलं. नऊवारीचा काष्टा, कमरेला चामडी पट्टा, काजळाच्या मिशा. जहाज म्हणजे उसाची ट्रॉली. ती आमच्याकडं कुठल्याही गावात मिळते.

मी आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवतो. तलवारी मीच केल्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून. कानस मारून कडा गोल केल्या, पण धातू तो धातूच. लहानपणी लाठीकाठी शिकलो होतो, म्हणून लढाई बसवायचं कामही माझ्याकडं आलं. वार मोजून ठरलेले असायचे. एक कमरेवर, तो अडवायचा. दोन खांद्यावर, तोही अडवायचा. तीन पायावर, उडी मारायची. चौथा डोक्यावरून आडवा जायचा, तेव्हा खाली वाकायचं.

बायको कप्तान होती आणि तिच्या डाव्या डोळ्यावर काळी पट्टी होती. समोर लढायची ती आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी टेलर वहिनी. चौथा वार डावीकडून यायचा, म्हणजे बायकोला तो दिसायचाच नाही. म्हणून मी नियम केला होता की वार करण्याआधी वहिनींनी "चाची!" असं ओरडायचं. शब्द ऐकला की बायकोनं वाकायचं. लोकांना तो विनोद वाटायचा. आमचा तो इशारा होता.

सास्तूर गावातल्या प्रयोगाआधी दोन दिवस मला सुचलं की हा शब्द वारानंतर आला तर जास्त हशा येईल. बायको आपोआप वाकेल, वहिनींची तलवार हवेतून जाईल, मग त्या इकडंतिकडं बघत विचारतील, "चाची?" मी वहिनींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताईस्नी सांगितलं का?"

"मी सांगतो तिला."

विसरलो, असं म्हणायची सोय मला नाही. त्याच संध्याकाळी तालमीत मी दुसरीच एक सूचना केली, तर बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, तुम्ही तलवारी सांभाळा. नाटक आम्ही बघतो." बायका हसल्या. आयटीआयमध्ये मला आधीच कप्तानबाईंचे मिस्टर म्हणायला लागले होते. मला ते झोंबलं. मी ठरवलं, आयत्या वेळी सांगू, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही. सास्तूरला ती ट्रॉलीवर चढताना माझ्यासमोरून गेली. वाक्य जिभेवर होतं. मला वाटलं, वारांचा आकडा तर तिला पाठ आहे, वाकेलच. हशा झाला की कळेल तिला नाटक कुणाला समजतं.

ती शब्दाची वाट बघत उभी राहिली. तलवार भुवईवर बसली. डोळा वाचला, कारण वहिनींनी पट्टी शिवताना कडक राहावी म्हणून आत पुठ्ठा घातला होता. पट्टीची वरची कड दबून फाटली होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांच्या मिशा गालभर पसरल्या होत्या. "भावजी, काय झालं ओ? काय चुकलं माझं?"

मी म्हणालो, "तुमचा वार जरा लवकर पडला, वहिनी."

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की मला स्वतःलाच ते क्षणभर खरं वाटलं.

त्यानंतर वहिनींनी तलवार हातात घेतली नाही. प्रयोग बंद पडले. आमच्या घरावरून जाताना त्या मान खाली घालून जायच्या. एकदा भाजीच्या गाड्यावर मला हळूच विचारलं, "भुवई भरली का?" मी "भरली" म्हणालो आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन पुढं गेलो. बायको म्हणायची, "त्यांना आणखी लाजवायला नको, मी तो विषयच काढणार नाही." दोघी एकमेकींना जपत होत्या आणि त्यात मी सुरक्षित होतो.

मग ढोकीहून महिलांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. बायको तीनदा वहिनींकडं जाऊन आली, तेव्हा त्या कशाबशा तयार झाल्या. दुपारचा प्रयोग होता. शाळेच्या एका वर्गात बायका तयार होत होत्या. मी कोपऱ्यात तलवारींच्या मुठी आवळत होतो. वहिनी नवी पट्टी बायकोच्या डोळ्यावर बांधत होत्या. त्यांना गाठ मारता येईना.

"ताई, चौथा वार नको आज. माझा वार लवकर पडतो."

"लवकर नव्हता हो पडला. तुम्ही शब्द विसरलात, एवढंच. होतं असं."

"शब्द?" वहिनींचे हात थांबले. "शब्द तर मागून म्हणायचा हुता न्हवं?"

"मागून? कुणी सांगितलं?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मग बायकोनं बघितलं. बाहेर माईकवर आमचं नाव पुकारत होते. मला इथं लिहायला आवडलं असतं की मी आपण होऊन सगळं कबूल केलं. तसं झालं नाही. माझ्याकडं दुसरी वाटच उरली नाही, तेव्हा मी बोललो. सगळं बोललो, "आयत्या वेळी सांगू" इथपासून व्हरांड्यातल्या त्या वाक्यापर्यंत.

बायकोनं पट्टी वर सरकवली आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. 

वहिनी म्हणाल्या, "भावजी, म्या ह्या हातात कातर धरायला भ्याले. रोजचं काम माझं. गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेताना हात कापायचा." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "चौथा वार काढून टाकू."

"तुम्ही खाली जाऊन बसा," बायको म्हणाली. मग वहिनींकडं वळली. "शब्द आधी."

"व्हय. आधीच."

"आणि मोठ्यानं."

मी खाली सतरंजीवर, बायकांत मागून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो. ट्रॉलीवर दोघी समोरासमोर आल्या. एक. दोन. तीन, बायकोनं उडी मारली. वहिनींनी तलवार बायकोच्या डावीकडं नेली आणि तिथंच धरली. शब्द येईना. तलवारीचं टोक थरथरत होतं, ते मला मागूनही दिसत होतं. बायको हलली नाही. पट्टीकडची बाजू तशीच पुढं ठेवून उभी राहिली. लोकांना तो विनोद वाटला, ते हसायला लागले. मी अर्धवट उठलो. माझ्यामागची बाई म्हणाली, "बसा ओ, दिसंना झालंय!"

"चाची!"

तो आवाज मैदानाच्या पार टोकाला गेला असेल. बायको वाकली. तलवार तिच्या डोक्यावरून गेली. टाळ्या पडल्या, आणि मला वाटलं संपलं. पण वहिनींनी आणखी एक वार मोकळ्या हवेत केला, इकडंतिकडं पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, "चाची?"

असा हशा त्या नाटकाला कधी आला नव्हता. जो मला हवा होता, तोच. मी हसलो नाही.

परतताना टेम्पोत दोघी पुढं बसल्या, मी मागं तलवारींजवळ. घरी आल्यावर बायको भांडली असती तर मी तयार होतो. ती भांडली नाही. आता प्रयोग नेमानं होतात, वहिनी मला अजून भावजीच म्हणतात, तलवारी मीच घासतो. फक्त मी कधी काही सुचवलं, पाहुण्यांच्या जेवणाचं असो की बसच्या वेळेचं, की बायको हातातलं काम थांबवते आणि विचारते, "हे सगळ्यांना सांगितलंय का?"

आणि मी उत्तर देईपर्यंत ती थांबून राहते.