शेपटीखालची शितं

ताईला सातवा लागला आणि आमच्या हेंद्रेपाड्याच्या घरात आईची धांदल सुरू झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आईला मात्र स्वतःला ते मिळालं नव्हतं. तिची आई आधीच गेली होती, त्यामुळे ताईचा जन्म सासरीच झाला. त्याबद्दल ती फार बोलायची नाही. पण बाबा अंबरनाथच्या कंपनीतून निघाले की येताना कधी डिंक, कधी खारीक आणायचे, आणि ती ते डबे पुन्हा पुन्हा उघडून बघायची.

ताईचं सासर उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. एका रविवारी आम्ही विहारातून येऊन जेवायला बसणार, तोच तिच्या सासूबाई तिला घेऊन आल्या. आणून कधी सोडायचं, ते ठरवायला. आमची मांजर ताईनेच लहानाची मोठी केलेली. ताई दिसताच ती तिच्या पायांत घोटाळली, चटईवर लोळली. ती उठून गेली तेव्हा चटईवर भाताचं एक शीत राहिलं. आई ते उचलायला वाकली आणि शीत हललं.

"विहीणबाई, तुमच्याकडचा भात चालतो की हो!" सासूबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. त्या हसत नव्हत्या.

मग सगळ्यांनीच मांजरीच्या शेपटीखाली पाहिलं. तिथे केसांना तसलेच दाणे चिकटले होते, काही सुकून तिळासारखे झालेले. खरं तर ते आम्ही आधीही पाहिले होते. मांजर भाताच्या पातेल्यात तोंड घालते, अशी आईची समजूत होती, म्हणून ती पातेल्यावर वरवंटा ठेवायची.

"जंत आहेत ते," सासूबाई म्हणाल्या. "पोटुशी बाई इथे झोपणार, उद्या लेकरू इथे येणार. मांजर तरी घालवा, नाहीतर बाळंतपण आमच्याकडे होऊ दे. मी वाईट नाही बोलत, तुम्हीच सांगा."

ताई पदराशी चाळा करत बसली होती.

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "गोणीत घालतो आणि मासळी बाजारात सोडून येतो. तिथे उपाशी तर नाही मरणार." आमच्या गल्लीत नको झालेल्या मांजरीचं असंच करतात, आणि त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

"थोडं थांबा ना बाबा," मी म्हणाले. "औषध असेल."

"तू सायन्सला आहेस ना? मग बघ."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बल्ब उडाला तरी मला विचारायचे. पट्टकृमी मी प्रयोगशाळेत बाटलीत पाहिला होता, त्याची आकृती काढून भागांना नावं दिली होती. पण त्याचे तुकडे सुटून बाहेर पडतात आणि चटईवर शितासारखे दिसतात, हे त्या आकृतीवरून मला कळलं नव्हतं. आईने तोवर वावडिंग उकळून दुधात घातलं. "तुम्हा दोघींचे जंत यानेच गेले," ती म्हणाली. मांजरीने वास घेतला आणि दुधाकडे पाठ करून बसली.

शेवटी कॉलेजजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे मी तिला पिशवीतून नेलं. डॉक्टर सिंधी होत्या, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायच्या. त्यांनी आधी वजन केलं.

"आदमी की गोली तो नहीं दी ना?"

"नाही. वावडिंग दिलं, पण प्यायली नाही."

"अच्छा किया उसने." त्या हसल्या. मग मांजरीच्या पाठीवरचे केस फुंकर मारून बाजूला केले. आत काळे बारीक कण होते. "हे बघ, पिसवा. जंताचं पिल्लू पिसूच्या पोटात असतं. मांजर अंग चाटते, पिसू गिळते, पुन्हा जंत. गोळी पेट साफ करेगी, पर पिसू रहा तो सब वापस."

मी विचारलं, घरी बहीण येणार आहे, गरोदर, तिला काही होईल का. त्या म्हणाल्या, हात लावल्याने हे जंत लागत नाहीत, मुलाने चुकून पिसू गिळली तरच. तरी ताईने मांजरीची घाण काढू नये, हात धुवावेत. त्यांनी गोळी दिली, मानेवर सोडायचं औषध दिलं आणि म्हणाल्या, "जहाँ सोती है वो सब गरम पानी से धोना."

आम्ही धुतलं. मांजरीचं गोणपाट जाळलं, चटई उन्हात टाकली, फरशीच्या फटी झाडल्या. शितं बंद झाली. आईने सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, पण थोडे दिवस जाऊ दे."

थोडे दिवस गेले आणि शितं पुन्हा दिसली.

बाबांनी गोणी काढली. आई मला म्हणाली, "तुझी डॉक्टरीण फसवी." मी बाबांकडून एक दिवस मागून घेतला. मी मांजर कुठे कुठे जाते, ते बघत तिच्या मागे राहिले. दुपारी ती पलंगाखाली शिरली. तिथे गाठोडं होतं. बाळासाठी आईने वर्षभर जमवलेली जुनी, धुऊन मऊ झालेली लुगडी आणि साड्या. त्यांचीच लंगोटं आणि दुपटी निघणार होती. अर्धी दुपटी शिवूनही झाली होती. मांजर त्याच्यावर गोल होऊन झोपली. गाठोडं सोडलं तर माझ्या मनगटावर पिसू उडाली.

ते धुवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरातलं सगळ्यात स्वच्छ कापड तेच, अशी आमची समजूत.

आई गाठोड्यापाशी बसून राहिली. मग उठून तिने मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं. एकेक साडी उकळून निघाली. आम्ही डॉक्टरांकडून दुसरी गोळी आणली, मानेवरचं औषध पुन्हा सोडलं. या वेळी जंत परतले नाहीत. आईने बरेच दिवस वाट पाहिली, खात्री केली आणि मगच फोन लावला.

फोन ताईने उचलला. आई भरभर सगळं सांगत होती, गाठोडं, उकळलेलं पाणी, गोळी. मग ती थांबली आणि ऐकत राहिली.

"सासूबाई म्हणतात का तसं?" आईने विचारलं. पलीकडून ताईचा आवाज मलाही ऐकू आला.

"नाही गं आई. त्या आता ये म्हणतात. मलाच भीती वाटते. डोळे मिटले की ते शीत दिसतं. मी इथेच राहते, तू ये ना इकडे."

"येते," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबा दारात उभे होते. "मग उद्या मांजरीला सोडून येऊ का?"

"आता कशाला?" आई म्हणाली.

मांजर आमच्याकडे राहिली ती अशी. तिला घालवायचं कारणच उरलं नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा गोळी द्यायला सांगितली होती. तो दिवस आला तेव्हा ताईची मुलगी कॅम्प पाचमध्ये दोन महिन्यांची झाली होती. मला वाटलं होतं, आई विसरली असेल. पण तिनेच गोळी कागदातून काढली, मांजरीला मांडीत धरलं आणि मला म्हणाली, "जबडा धर नीट. आपल्याला तरी राहायचंय ना या घरात."

मी जबडा धरला. आईने गोळी आत सोडली आणि मांजर गिळेपर्यंत तिचा गळा बोटाने चोळत राहिली.