लेकीच्या मुलाखतीची तयारी मी कशी करून घेतली

वैमानिकाचं लायसन्स कपाटात ठेवून आमची लेक दोन वर्षं जळगावातल्या एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना गणित शिकवत होती. या दोन वर्षांत मला रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "काय, पोरगी उडते की नाही?" सुरुवातीला मी सविस्तर उत्तर द्यायचो. भरती कशी निघते, किती जण रांगेत असतात, वगैरे. पुढे पुढे ओळखीचं कोणी समोरून येताना दिसलं की मी चष्मा काढून पुसायला लागायचो. चष्म्याशिवाय मला दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

मग एका मंगळवारी मेल आला. छोट्या छोट्या शहरांना जोडणारी, पंख्याची विमानं चालवणारी कंपनी. लेखी परीक्षा ती आधीच पास झाली होती. आता सोळा दिवसांनी हैदराबादला मुलाखत. यात नापास झालात तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नाही, असं खाली लिहिलेलं. लेकीने ते दोनदा वाचलं आणि अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठली. मी त्याच जेवणावर जाहीर केलं की तयारी मी करून घेणार.

माझी लायकी सांगतो. विमानात मी आजवर दोनदा बसलोय, दोन्ही वेळा डोळे मिटून. पण सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत आणि मुलाखत घेणाऱ्या समित्यांना फायली, पाणी आणि बिस्किटं पुरवली आहेत. मुलाखतीत काय बोलावं हे मला कळतं, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर समिती बसली. पुतण्याच्या लग्नात शिवलेला कोट घालून मी कंपनीचा मुख्य कॅप्टन झालो. बायको शेंगा सोलता सोलता दुसरी सदस्य. पहिले चार दिवस विमानविद्येचे प्रश्न. पंखावर बर्फ साचला तर काय, एक इंजिन बंद पडलं तर काय. प्रश्न लेकीच्याच वहीतून वाचायचे, उत्तरही तिच्याच वहीत, आणि ती बोलायची ते बरोबर की चूक हे मला कळायचं नाही. म्हणून प्रत्येक उत्तरावर मी म्हणायचो, "अजून जरा स्पष्ट." ती अजून स्पष्ट करायची. मला अजून कमी कळायचं.

पाचव्या दिवशी स्वभावाचे प्रश्न आले आणि मला वाटलं, चला, आता आपला प्रांत आला.

मी वाचलं, "कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर काय कराल?"

"आधी त्याला सांगेन," लेक म्हणाली. "नाही ऐकलं तर पुन्हा ठामपणे सांगेन. तरीही धोका टळत नसेल तर विमानाचा ताबा मी घेईन."

मी वही खाली ठेवली. "ताबा घेशील? कॅप्टनकडून?"

"हो."

"त्याची नोकरी किती वर्षांची आणि तुझी किती?"

"पप्पा, नोकरीचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? वरिष्ठांना असं तोंडावर सांगायचं नसतं, बेटा. 'सरांचा अनुभव मोठा आहे, मी त्यांच्या सल्ल्याने चालेन,' असं म्हणायचं."

एकदा आमच्या साहेबांनी बैठकीचं पत्र सांगताना तारीख सांगितली एकतीस जून. मी एकतीस जून टाइप केलं. मान खाली घालून चाळीस कचेऱ्यांना पाठवलं. एकाही कचेरीने चूक कळवली नाही. उलट दोन ठिकाणांहून 'उपस्थित राहू' असं उत्तर आलं. हा किस्सा मी लेकीला शिस्तीचं उदाहरण म्हणून सांगितला. बायको शेंगा सोडून हसायला लागली. लेक हसली नाही. म्हणाली, "विमानात अशाने माणसं मरतात, पप्पा."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

पुढच्या दिवसापासून ती मला हवी तशी उत्तरं द्यायला लागली. सरांचा अनुभव मोठा आहे. सरांच्या सल्ल्याने चालेन. मी खूश. बायकोने स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "अहो, ती तुमच्यापुढे हो हो करते आणि खोलीत जाऊन दुसरंच पाठ करते." माझी चिडचिड झाली. एवढा कोट घालून, घाम गाळून मी बसतो, तो कशासाठी?

दहाव्या दिवशी प्रश्न आला, "तुमची एखादी मोठी चूक सांगा." याचं उत्तर मी आधीच लिहून दिलं होतं: मी प्रत्येक कामात फार बारीक लक्ष घालते, हीच माझी चूक.

"हे मी बोलणार नाही," लेक म्हणाली. "माझ्याकडे खरी चूक आहे."

"कुठली?"

तिने आईकडे पाहिलं. आई गॅस बंद करायला उठली. गॅसवर काहीच नव्हतं.

आता मला तीन वर्षांपूर्वीचा मे महिना सांगावा लागेल. लेक तेव्हा धुळ्याला माझ्या मोठ्या भावाकडे, नानांकडे, राहून विमान शिकत होती. एकटीने लांब उडायची पाळी आली आणि तिचा मार्ग जळगावच्या बाजूने जाणार असं मला कळलं. मी फोन करून म्हणालो, "जरा आपल्या घरावरून ने ना." ती म्हणाली, "मार्ग ठरलेला असतो, पप्पा." मी म्हणालो, "आकाशात कसला आलाय मार्ग? एवढंही नाही करणार बापासाठी?" त्या दिवशी सकाळी अकराला मी अर्धी कॉलनी गच्चीवर जमवली. बायकोच्या कुरडया वाळत होत्या, त्यातल्या निम्म्या लोकांच्या पायाखाली गेल्या. मी लाल चादर हलवली. वरून चिलटाएवढं विमान गेलं. "बघा, पंख हलवून नमस्कार केला!" असं मी ओरडलो. पंख काही हलला नव्हता. कचेरीत हे मी तीन महिने सांगत होतो.

"उतरल्यावर मी स्वतःच इन्स्ट्रक्टरना सांगितलं, मार्ग सोडला होता म्हणून," लेक म्हणाली. "त्यांनी पंधरा दिवस उडणं बंद केलं. माझ्या रेकॉर्डवर आहे ते. मुलाखतीत कागद समोर असेल त्यांच्या. कारण विचारतील. कारण तुम्ही आहात."

मी धुळ्याला फोन लावला. नानांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"मले त्याच दिनले माहीत पडनं," नाना म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलं? मी रोज फोन करत होतो. तुम्ही म्हणायचात, हवा खराब शे, इमानं बठ्ठी खाले शेतस. एकही उडत नाही म्हणे."

"आनि तू मानं बी," नाना म्हणाले. "मे महिनामा! तुले कोन सांगी, बापू? तू आयकस का कोनं?"

त्रेचाळीस डिग्रीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना मी पंधरा दिवस खराब हवेवर विश्वास ठेवला होता, हे खरंच होतं. पण ज्या भावासमोर मी आजही खुर्चीवर बसत नाही, त्याने मला असं म्हणावं?

मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. पहिल्या दिवशी वाटलं, ही बाहेर जाऊन बापाची बदनामी करणार. दुसऱ्या दिवशी वाटलं, ही हे सांगणार आणि घरी बसणार, आणि मी जन्मभर चष्मा पुसणार. दुपारी तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहून म्हणालो, "दुसरं कारण सांग ना. वाऱ्याने भरकटलं म्हण."

"खोटं?"

"अर्धं."

"मला तेव्हाही 'नाही' म्हणता आलं नाही, पप्पा. आपल्या घरात तुम्हाला कोण नाही म्हणतं? हेच त्यांना तपासायचंय. मी नाही म्हणू शकते का." मग पुस्तक मिटून म्हणाली, "या. कॅप्टन व्हा. मी अडवते, तुम्ही चिडा. चिडणं तुम्हाला जमतं."

उरलेले चार दिवस तोच सराव. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. मी डावीकडे, कॅप्टनच्या जागी. मी म्हणायचो, "चल, उतरू." ती म्हणायची, "कॅप्टन, वेग जास्त आहे. उतरायचं नाही, पुन्हा वर घेऊ." मी म्हणायचो, "मला कळतं!" हे वाक्य मला शिकवावं लागलं नाही. ती आवाज चढवून पुन्हा सांगायची, आणि दर वेळी मला खरोखरचा राग यायचा. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, नसलेल्या विमानासाठी! बायको म्हणाली, "आज सातव्यांदा तिने तुम्हाला वाचवलं."

मुलाखतीच्या दिवशी मी कचेरीत फाइलचं एकच पान दुपारपर्यंत वाचलं. दोनला फोन आला. मी व्हरांड्यात पळालो.

"विचारलं?"

"कागद समोरच होता. पहिलाच प्रश्न तो."

"मग?"

"सांगितलं. वडिलांनी सांगितलं, मला 'नाही' म्हणता आलं नाही, चूक माझी. मग त्यांनी विचारलं, उद्या वडील पुन्हा म्हणाले तर? मी म्हटलं, नाही म्हणेन."

"हसले का ते?"

"नाही. एकाने विचारलं, आणि वडील काय करतील?"

"मग तू?"

"मी म्हटलं, चिडतील. चिडू देत."

मी सांगणार होतो, की असं कसं बोललीस, मी काही इतका चिडका माणूस नाही. पण तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं, की आवाज आधीच चढलेला आहे आणि व्हरांड्यातले दोन शिपाई माझ्याकडे बघतायत. मी तोंड मिटलं. तिकडून लेकीने विचारलं, "पप्पा? चिडलात?"

"हो," मी म्हणालो. "तू जेवलीस का?"

पंधरा दिवसांत कळवतो म्हणाले होते. आज एकोणिसावा दिवस आहे. मी तिला रोज सांगतो, त्यांना एक फोन करून विचार. ती रोज म्हणते, नाही.