एलोजी सुताराचा डावा हात

एलोजी वाकरूळकराचे पाय मी दाबून धरले होते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं स्वतःला भला माणूस म्हणवून घ्यायचा मोह होईल.

तो कोकणातला बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी. शनिवारी हत्याराला हात लावत नसे, म्हणून आम्ही त्याला हसायचो. पण अमरावतीत रुईच्या गाठी दाबायचं लाकडी मळसूत्र बिघडलं की त्याच्याशिवाय कोणाचं चालत नसे. अमेरिकेत लढाई पेटली, कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मजूर जास्त मजुरीसाठी गाठींच्या या कारखान्यावरून त्या कारखान्यावर पळू लागले. आमचा ठेकेदार चंद्रभान पिसाळला. गाठींवर मारायची खूण त्यानं आमच्या मनगटांवर गोंदवायचं ठरवलं, म्हणजे दुसरा कोणी आम्हाला ठेवणार नाही. आम्ही निमूट हात पुढे केले. एलोजी तेवढा अडून बसला.

"तुई बायको नथ घालते, कान टोचते. ते चालते, अन् हे काहून नाई?" चंद्रभाननं विचारलं.

"दागिन्यासाठी टोचलेलं आम्हाला चालतं. कातडीत रंग मुरवून खूण करायची नाही, ही देवाची आज्ञा आहे. असं अंग घेऊन मला रेवदंड्याला बापाशेजारी पुरणार नाहीत."

चंद्रभाननं त्याच्या तोंडावर लाथ घातली. दोघांनी हात धरले, पाय मी. तो चावला, ओरडला. मी त्याच्या पोटात गुडघा रोवला. गोंदणारीण रडत रडत सुया टोचत होती. मजुरी जाईल या भीतीनं माणूस किती नीच होतो!

दुसऱ्या दिवशी त्यानं पटाशीनं ती खूण कातडीसकट तासून काढली. हात सडला. कँपातल्या डॉक्टरानं तो कोपरापासून कापला.

पुढे मी रोज त्याच्या घरी लाकडं फोडून द्यायला जाऊ लागलो. तो माझ्याशी बोलत नसे. तीन महिन्यांनी मुंबईहून त्यांची प्रार्थना म्हणणारे म्हातारे हझान आले, तेव्हा मी अंगणातच होतो.

"आता तरी मला आपल्या कबरस्तानात जागा मिळेल ना?" एलोजीनं विचारलं.

हझान म्हणाले, "ती गेलीच कधी होती, बाबा? हौसेनं गोंदलेल्यालासुद्धा आपण कबर नाकारत नाही. तुला तर जबरदस्ती झाली, तुझा दोषच नव्हता. स्वतःच्या अंगावर हत्यार चालवणं मात्र मना आहे."

एलोजीनं उरलेल्या हातानं म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारली. हझाननी गालाला हातही लावला नाही.

"मग पाप कोणाचं?" एलोजीनं विचारलं.

"धरणाऱ्यांचं. टोचणाऱ्यांचं."

मी जाऊन एलोजीपुढे बसलो, कुऱ्हाड त्याच्या पायाशी ठेवली. "मार मले," म्हटलं.

त्यानं मारली. घाव खांद्यात बसला, रक्त आलं, पण हाड शाबूत राहिलं. कुऱ्हाड त्याच्या हातून निसटून पडली.

"दोन हात असते," तो हुंदके देत म्हणाला, "तर आज तू मेला असतास."