निमुळते आटे

दुष्काळाच्या वर्षांत अकोल्यात आमच्या सीएनसी लेथवर बोअरच्या पाइपांना आटे पाडायचं काम असे. हे आटे टोकाकडे निमुळते लागतात, तरच दोन पाइप जोडणारं कपलिंग आवळत जाऊन घट्ट बसतं. एकदा बार्शीटाकळीजवळच्या एका गावचा फिटर पाइपासाठी थांबला होता. गावातली एकमेव बोअर बंद होती. मी कपलिंग लावलं, तर ते हातानंच शेवटपर्यंत फिरलं.

"सुतळी-सफेदा लावून फट बुजवतो, चालते," फिटर म्हणाला.

"अन् आटे सुटून पाइपाले लटकलेली मोटर बोअरमंदी पडली, त काढाले तू उतरशीन काय?" शेजारच्या मशीनवरचे चाचा ओरडले. "बस, चहा पी." मग मला म्हणाले, "बेटा, सरळ आट्याचा प्रोग्रॅम चालून राहिला. टोक काप, नव्यानं पाड."

नव्या आट्यांवर कपलिंग अर्ध्यातच अडलं. दुसऱ्या दिवशी गावात पाणी आल्याचा निरोप आला. मी तो सैल आट्यांचा पाइप तसाच देऊन टाकणार होते. चाचांचे उपकार मी विसरलेले नाही.