मैमुनाबीच्या गाठी

वली परकार मूळचा दाभोळचा. आधी गलबतांची शिडं शिवायचा. मग दुबईला, देरा बाजारात, इद्रीससेठ नावाच्या इराणी व्यापाऱ्याकडे जुने गालिचे दुरुस्त करायला लागला. मी त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचो. कसरीने खाल्लेल्या गालिच्यात तो अशी फुलं भरायचा, की जुनं कुठलं नि नवं कुठलं ते सेठलाही सांगता येत नसे.

पण वलीला लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नसे. जन्मापासूनचं. पाकळीचा आकार कळे, रंग नाही. हे एकट्या त्याच्या बायकोला, मैमुनाबीला ठाऊक. ती लोकरीच्या लडींना गाठी मारून ठेवायची: लालला एक, हिरव्याला दोन. वली गाठ चाचपायचा आणि कामाला लागायचा. सेठला कळतं तर नोकरी त्याच दिवशी जाती.

चौसष्टच्या उन्हाळ्यात सेठ मालासाठी शिराझला गेला, आणि इकडे मैमुनाबी तापाने गेली. तिसऱ्या दिवशी जियारतीला, तिच्यासाठी दुवा मागायला, माणसं येणार म्हणून आमच्या बायकांनी वलीची खोली आवरली. माझी हाफिजा सगळ्यांत पुढे. दुसऱ्याचं घर आवरायला तिला कोण उत्साह! लोकर गुंतलीय असं समजून तिने एकूण एक गाठ सोडवली आणि छान गोळे करून ठेवले.

वलीने गोळे हातात घेतले. "बरं केलंत, भाभी," एवढंच बोलला. मला विचारलं असतं तर मी रंग सांगितले नसते का? पण नोकरीची भीती, आणि त्यात मानी गडी. अजून मला त्याचा राग येतो. काशानचा एक जुना, मौल्यवान गालिचा अर्धवट पडला होता, तो त्याने अंदाजाने पुरा केला.

सेठ परतला. त्या दिवशी वलीबरोबर गालिचा उचलून दुकानात नेला तो मीच. उलगडला, तर वेलीला तांबडी पानं आणि हिरवे गुलाब.

"ये क्या किया, वली? आँखें फूट गईं?"

वलीने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. जन्माची खोड, लडी, गाठी, सगळं. आता सेठ याला हाकलणार, असंच मला वाटलं.

सेठने एका हिरव्या गुलाबावरून बोट फिरवलं. मग चक्क हसला. माणूस वाईट नव्हता तो.

"इतने साल छुपाया? यल्ला, कल से बीवी को साथ ले के आओ. इधर बिठाओ. उसको भी पगार दूँगा."

वली खाली बसून गालिचा गुंडाळायला लागला. शेवटी सेठला मलाच सांगावं लागलं.