गुलाबी पत्रकाचं काळं पान

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. 'चलो', 'धिक्कार' आणि 'आपले नम्र' हे शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होते. रहिमतपूरच्या आमच्या घरी वडिलांनी जमवलेली पत्रकं पत्र्याच्या पेटीत असत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ती सांगलीला नेऊन स्कॅन करून घेतली. दुकानदाराने विचारलं, "रंगीत की काळं-पांढरं?"

"छपाई काळीच आहे. रंग कशाला?" वडील म्हणाले.

फाइली पेनड्राइव्हवर आल्या आणि वडिलांनी मूळ कागद जुन्या सोबत्यांना वाटून टाकले. पेटीत ठेवलेलं पत्रक म्हणजे मेलेलं पत्रक, असं त्यांचं मत. शिवाय प्रत्येकावर तळाला छापलेलंच होतं : वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.

नंतर कळलं की त्या फाइली टिफ आहेत आणि सोबत्यांच्या फोनवर उघडत नाहीत. त्यांचं जेपीजी करायचं काम माझ्याकडे आलं. काम अवघड नव्हतं. फोल्डर निवडायचं, प्रकार बदलायचा, थांबायचं. काही फाइलींत दोन पानं होती आणि बदलताना पहिलंच यायचं. ती वेगळी काढावी लागली. जेपीजीत अक्षरांच्या कडेला बारीक करडी धूळ दिसायची. मोर्चे, सभा, निषेध ओळीने जात होते आणि मी चहा पीत होते.

आटपाडीकडच्या आबांचा फोन त्याच दिवशी आला. आबा वडिलांचे जुने सोबती, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पाण्याच्या मोर्च्याला त्यांनी मेंढपाळांच्या तळांतळांवरून माणसं आणली होती. त्या मोर्च्याच्या गुलाबी पत्रकावर निमंत्रकांत शेवटचं नाव त्यांचं होतं.

"पोरी, माझा गुलाबी कागद धाड की फोनवर. नातवाला दावायचाय."

"आबा, तो तर बाबांनी तुम्हालाच दिला होता ना?"

"व्हय. यष्टीत शेजारी बसलेल्याला दिला म्या. खाली लिवलंय न्हवं, फुडं द्या म्हणून?"

"नातवाला दाखवायच्या आधीच?"

"आगं, तवा त्यानं इचारलं न्हवतं. काल म्हणतोय, आजा, तू मोर्च्यात मागं मेंढरं हाकत असशील. म्या बोलावला मोर्चा, म्हटलं. तर हसतंय लय."

मी फाइल शोधली. पान अख्खं काळं होतं. सांगलीच्या छापखान्याने ते पत्रक कुस्त्यांच्या हँडबिलांतून उरलेल्या गडद गुलाबी कागदावर छापलं होतं. मशीनने कागदालाही शाई समजून घेतलं. चार घड्यांवर जिथे रंग विटला होता, तिथे तेवढी अक्षरं वाचता येत होती : '…ण्यासाठी', 'सकाळी', 'भाकरी सोबत'. नावं घडीच्या खाली होती. जेपीजी करून काळ्याचं काळंच राहिलं.

वडील म्हणाले, "मजकूर मला पाठ आहे. टाइप कर, मागे गुलाबी रंग टाक आणि दे पाठवून."

"ते खोटं होईल."

"एकही शब्द खोटा नाही त्यात. आणि पत्रकाला कसलं आलंय मूळ?"

"तो पोरगा पण टाइप करतो, बाबा. कालच बनवलंय म्हणेल. मग आबा काय सांगणार?"

वडील चिडून म्हणाले, "लय तत्त्वाची झालीस." मी म्हटलं, घरातच शिकले.

मी आबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी कागद यष्टीतच गेला म्हणायचा."

संध्याकाळी मी ते काळं जेपीजी घेतलं आणि त्याच्याखाली मजकूर जोडला : 'हे पान स्कॅनमध्ये असं आलं आहे. मूळ पत्रक गुलाबी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी उजेडात, रंगीत फोटो काढून पाठवावा. शेवटचं नाव दिसलं पाहिजे.' आणि तळाला, वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.

वडिलांनी चष्मा लावून वाचलं. "निमंत्रक कोण? बिननावाचं पत्रक आपण काढत नाही."

आबांना विचारून मी त्यांचं नाव घातलं. एकट्याचं. आणि ते सगळ्या सोबत्यांच्या फोनवर पाठवलं.

गुलाबी कागदाचा फोटो अजून कुणी पाठवलेला नाही. आबांचा रोज फोन येतो. काल सांगत होते, नातवाने वाचलं, हसला नाही, आणि पुढे पाठवलं.